चार बोटं लांब नळी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते माझ्या थोरल्या भावाचे. घरात आम्ही त्याला दादा म्हणायचो. वडील गेले तेव्हा मी सातवीत होतो आणि तो बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होता. जतमध्ये वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टपरी, दारात टांगलेल्या ट्यूब आणि पंक्चर बघायचं पाण्याचं घमेलं. दादानं घमेलं उपडं घातलं, टपरीला कुलूप लावलं आणि सैन्यभरतीला गेला. निकाल लागला तेव्हा तो ट्रेनिंगला होता. जाताना मला एवढंच म्हणाला होता, "बारक्या, तू फकस्त वहीत बघ. बाकीकडं मी बघतो."

तो बघत राहिला म्हणून मी डिप्लोमा केला, मग इंजिनियर झालो. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत गेलेला मी पहिला. पदवीदानाला त्याला रजा मिळाली नाही. मी काळ्या गाऊनमधला फोटो पाठवला, तो त्यानं आपल्या ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवला. त्याची ट्रंक उघडली की आधी मी दिसायचो आणि मग त्याचे कपडे.

गेल्या वर्षी दादा हृदयविकारानं गेला. तो असता तर ही हकिगत मी लिहिली नसती. आता वहिनींना सगळं सांगून, त्यांना विचारून लिहितो आहे.

मी चाकणच्या एका कंपनीत काम करतो. ही कंपनी आधी फक्त गाड्यांचे शाफ्ट बनवायची. काही वर्षांपूर्वी परवाना मिळाला आणि मागच्या शेडमध्ये रायफलींचं काम सुरू झालं. मी राहायला मोशीला. सकाळी कंपनीची बस ट्रकांच्या रांगेत अडकली की पुढच्या सीटवरचा कुणीतरी विचारायचा, "राव, तुमच्या त्या मागच्या शेडमध्ये बनतं तरी काय?" मी म्हणायचो, "पाइप." फार बोलायचं नाही अशी आम्हाला सूचना होती. दादाला मात्र पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हा त्याला फोनवर अजून थोडंफार ऐकू यायचं. तो खूप वेळ हसला. "म्हंजे मी जी जन्मभर खांद्याला मारली, ती आता तू बनवणार? नीट बनव लेका. आमचं खांदं काय फुकटचं न्हाईत."

रायफलची नळी किती लांब ठेवायची हा प्रश्न बाहेरून फार सोपा वाटतो. गोळीमागची दारू जळायला थोडा वेळ लागतो. नळी लांब असली की ती बरीचशी आतच जळते आणि गोळीला वेग मिळतो. नळी आखूड केली की उरलेली दारू तोंडाबाहेर जळते. जाळ मोठा होतो आणि आवाज कानात हातोडा घातल्यासारखा येतो. पण आखूड रायफल गाडीच्या दारातून चटकन बाहेर निघते, जिन्यात वळते, लहान खोलीत फिरवता येते. मोकळ्या माळावर लांबचा नेम धरणाऱ्याला एक हवी आणि घरात शिरणाऱ्याला दुसरी. एकाच नळीत दोन्ही मागणारेही आमच्याकडे यायचे. त्यांना चहा पाजून परत समजावावं लागायचं.

नळीबरोबर गॅसचाही विचार करावा लागतो. नळीच्या अंगावर एक बारीक भोक असतं. गोळी ते ओलांडून पुढं गेली की मागचा थोडा गॅस त्या भोकातून बाहेर येतो आणि पिस्टनला मागं ढकलतो. त्या धक्क्यानं रिकामी पुंगळी बाहेर पडते, नवी गोळी आत येते. भोक मागच्या बाजूला घेतलं तर गॅस फार जोरात येतो, हत्यार दणके देत चालतं आणि आतले भाग लवकर झिजतात. भोक पुढं घेतलं तर धक्का मऊ बसतो, पण मग भोकाच्या पुढंही थोडी नळी शिल्लक लागते. नाहीतर गोळी बाहेर पडून जाते आणि गॅसला ढकलायला वेळच उरत नाही. म्हणून लांबी आणि भोकाची जागा एकत्र ठरवायची. हे कोण वापरणार, तो कुठं उभा असणार, त्याच्या शेजारी कोण असणार, हे विचारल्याशिवाय ड्रॉइंगवर रेघ मारता येत नाही. मला हे काम आवडायचं ते यामुळेच.

दादा नोकरीच्या शेवटच्या वर्षांत हत्यारं शिकवणारा उस्ताद होता. सरावासाठी बांधलेल्या घरात, बंद खोल्यांमध्ये, पोरांना आखूड रायफली घेऊन कसं शिरायचं हे तो शिकवायचा. कानात घालायला बोळे मिळायचे. पोरांच्या कानांत ते आहेत की नाहीत हे तो बोट लावून तपासायचा आणि स्वतःचे खिशात ठेवायचा. मी एकदा रागावलो तर म्हणाला, "अरं, कुणी येड्यागत आधीच सेफ्टी काढली तर तो खटका ऐकू यायला नको व्हय? मला ऐकू आलं न्हाई तर पोरगं जाईल की एखादं."

एकही पोरगं गेलं नाही, पण त्याचे कान गेले. निवृत्त होऊन गावी आला तेव्हा एका कानात शिट्टी वाजत होती. पुढं दोन्ही कानांत वाजू लागली. मग बाहेरचे आवाज कमी झाले आणि ती शिट्टी तेवढी राहिली.

मी त्याला पिंपरीत एका कानाच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. काचेच्या लहान खोलीत त्याला बसवलं, कानांवर हेडफोन लावले, हातात बटण दिलं. आवाज आला की अंगठ्यानं बटण दाबायचं. मी काचेबाहेर उभा होतो. तपासणारी मुलगी आवाज वाढवत होती, हे तिच्या बोटांवरून कळत होतं. दादा ताठ बसला होता, परेडला उभं राहावं तसा. अंगठा बटणावर तयार ठेवलेला. तो अंगठा हलत नव्हता. मध्येच त्यानं माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या, "सुरू झालं का?" असं विचारल्यासारख्या. तपासणी तेव्हा संपत आली होती.

डॉक्टर म्हणाले, मशीननं आवाज वाढेल, पण शब्द वेगळे कळतील याची खात्री नाही. बाहेर आल्यावर मी मोबाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं, 'मशीन लावून बघू.' त्यानं वाचलं आणि आपला आवाज किती मोठा झालाय हे न कळून म्हणाला, "म्हंजे गेलं म्हण की सरळ!" सगळे वळून बघू लागले. आईच्या मांडीवरचं एक पोर खिदळलं. दादा त्याच्याकडे बघून हसला. मशीन घेतलं, पण कानाला टोचतं म्हणून तो ते फारसं लावायचा नाही.

त्यानंतर फोनवरचं बोलणं संपलं. व्हॉट्सॲपवर तो काहीही आलं तरी अंगठा पाठवायचा. भाचीच्या लग्नाची तारीख कळवली तरी अंगठा, मला ताप आलाय म्हटलं तरी अंगठा. वहिनी चिडायच्या. पण काही मनातलं असलं की तो पत्र लिहायचा, सैन्यात असताना लिहायचा तसं, रेघांच्या कागदावर, दोन्ही बाजूंनी. मीही त्याला कागदावरच उत्तर द्यायला लागलो. आमच्या पोस्टमनला त्याचं फार नवल वाटायचं.

अशात आमच्याकडे एका राज्याच्या पोलीस दलाची मागणी आली. गाडीतून फिरणाऱ्या पथकासाठी आखूड रायफल हवी होती. आम्ही दोन नमुने केले. एक अगदी आखूड, भोक मागं. दुसरा त्याहून चार बोटं लांब, आणि भोकही तेवढंच पुढं. हा दुसरा माझा होता. कागदावर तो मऊ चालत होता आणि आवाजही कमी देत होता. प्रश्न एवढाच होता की गाडीतून तो सहज बाहेर निघेल का.

ते बघायला मी दोन्ही मापांच्या लाकडी रायफली सुताराकडून करून घेतल्या आणि पार्किंगमध्ये कंपनीच्या जीपमधून सिक्युरिटीच्या लोकांना उड्या मारायला लावल्या. जेवणाची सुट्टी झाली होती. सगळी शेड बघायला जमली.

"साहेब, हिरॉइन कधी येणार?"

"अरे, त्या मामांना लाकडी नको, लाटणं द्या. घरी तेच बघतात ते."

मामा म्हणजे आमचे सर्वांत वयस्कर गार्ड, चाकणजवळच्या गावचे. उडी मारून धापा टाकत म्हणाले, "लांब असू दे न्हाईतर आखूड, मला दोन्ही सारख्याच. गुडघ्याला इचारा." चार बोटं जास्त असलेली रायफल एखाद-दोनदा दाराला घासली, पण अडकली नाही. मला तेवढं पुरेसं होतं.

मी दादाला सविस्तर पत्र लिहिलं, आकृती काढून. त्याचं उत्तर आलं. त्यात लिहिलं होतं, 'पथकात शंभर पोरं असतील, पण त्यांना शिकवणारा एकच असतो आणि तो रोज त्या खोलीत असतो. गाडीतून उतरणाऱ्याचा विचार सगळे करतील. तू त्या एकाचा कर. चार बोटं सोडू नकोस.'

मी सोडणार नव्हतो. कंपनीतल्या बैठकांत एवढा भांडलो की आमचे विभागाचे साहेब एकदा हसून म्हणाले, "तुम्ही इंजिनियर म्हणून बोलताय की वकील म्हणून?" मी त्यांना दादाबद्दल सांगितलं. ते पुण्याचे, कमी बोलणारे. एवढंच म्हणाले, "खंडेनवमीला त्यांना बोलवा. या वर्षी आपल्या शेडमधली पूजा त्यांच्या हातून करू."

आमच्या भागात खंडेनवमीला प्रत्येक कारखान्यात मशीनची पूजा होते. मशीन पुसून झेंडूच्या माळा घालतात, हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात, पेढे वाटतात. आमच्या शेडमध्ये मशीनबरोबर हत्यारांचीही पूजा असते.

दादा आदल्या दिवशी पिंपरीतल्या वल्लभनगरच्या एसटी स्टँडवर उतरला तेव्हा अंगावर इस्त्रीचा कोट होता आणि हातात डाळिंबांची पिशवी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला आधी शाफ्टच्या शेडमध्ये नेलं. तिथं दुपारपर्यंत काम चालू होतं आणि मोठे प्रेस धडधडत होते. त्या आवाजात कुणीच कुणाला ऐकू येत नाही. माणसं हातवारे करून बोलतात. दादा त्यांच्यात असा मिसळला की मी बघतच राहिलो. तिथल्या चहावाल्यानं लांबूनच दोन बोटांनी चहाची खूण केली, दादानं साखर कमी अशी खूण केली. आमच्या नमुन्यांची जोडणी करणारा फिटर, लातूरकडचा, माझ्या कानात ओरडला, "साहेब, तुमचे दादा तर इथलेच वाटतात की! आपण इथं शिव्यापण हातानंच देतो."

बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "हितं बरं हाय. सगळीच माझ्यासारखी." त्याचा चेहरा इतका मोकळा मी बऱ्याच दिवसांनी बघत होतो.

पूजेला दोन्ही नमुने पाटावर मांडले होते. दादानं ते पाहिले आणि मान हलवली. त्यांच्या पलटणीत हत्यार जोडलेलं ठेवून पूजा करत नसत, उघडून ठेवत. त्यानं हातानं खूण केली आणि फिटरनं माझा नमुना उघडून दिला. नळी वेगळी, बोल्ट वेगळा, गॅसचा भाग वेगळा. दादानं नळी उचलली, डोळ्यासमोर धरली, बोटांनी मोजली. मग माझ्याकडे बघून विचारलं, "भोक कुठंय?"

मी दाखवलं. मुद्दाम पुढं नेलेलं ते बारीक भोक. त्यानं त्यावरून अंगठा फिरवला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यानं तेलात कालवलेलं कुंकू अंगठ्यावर घेतलं आणि बरोबर त्या भोकावर टिळा लावला. टिळ्यावर अक्षता ठेवल्या आणि त्या चिकटाव्यात म्हणून अंगठ्यानं दाबल्या, आपण माणसाच्या कपाळावर दाबतो तशा. आखूड नमुन्याच्या दस्त्याला नुसतं बोट लावलं. मी हात जोडून उभा होतो. माझ्या मनात तेव्हा एकच गोष्ट होती, की वडिलांनी हे बघायला हवं होतं.

दसरा झाला. फिटरनं नमुना पुसला, नळीतून गज फिरवला, तेल लावलं आणि जोडून ठेवला. टिळा पुसला गेला होता. भोकात काय दाबलं गेलंय हे वरून दिसत नव्हतं, आणि भोकात तार घालून बघा असं तपासणीच्या पद्धतीत कुठं म्हटलेलं नव्हतं. दोन्ही नमुने दसऱ्याआधीच शेडमागच्या आमच्या चाचणीच्या बोगद्यात गोळ्या झाडून तपासले होते. त्यामुळे ते तसेच पेटीत घालून चाचणीला गेले.

चाचणी त्या पोलीस दलाच्या रेंजवर होती, एका टेकडीच्या पायथ्याशी. माझा नमुना आधी आला. पहिली गोळी सुटली आणि पुंगळी बाहेर पडलीच नाही. जवानानं हातानं ओढून काढली. दुसरी तशीच. मग एक नीट चालली, मला हायसं वाटलं, आणि पुढची पुन्हा अडकली. पिस्टनला पुरेसा गॅस मिळत नाही हे मला आवाजावरूनच कळत होतं, पण का मिळत नाही ते कळत नव्हतं. तिथं हत्यार उघडायची आम्हाला परवानगी नव्हती, तसा चाचणीचा नियमच होता. मग आखूड नमुना आला. कानांवर झाकणं असूनही माझ्या दातांपर्यंत दणका पोचला. तो मात्र न थांबता चालला. शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या उस्तादानं एका कानावरचं झाकण वर सरकवलं होतं, अधिकाऱ्यांचा हुकूम ऐकायला.

मी त्या अधिकाऱ्यांना गाठलं. म्हणालो, "सर, एकदा संधी द्या. हा नमुना असा वागायला नको होता." मग कानांचं बोललो, शिकवणाऱ्यांचं बोललो. माणूस भला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमचं म्हणणं खोटं नाही," ते म्हणाले. "पण गाडीवर गोळ्या येत असताना दार उघडून उतरणारी पोरं माझी आहेत. आधी ती जिवंत राहू देत. आणि जे चाललं नाही ते मी त्यांच्या हातात कसं देऊ, तुम्हीच सांगा."

मी दोन्ही नमुने पेटीत घालून घेतले.

चाकणला परत आल्यावर फिटरनं आणि मी तो नमुना उघडला. भोकातून पुढं गॅस जिथून जातो त्या बारीक वाटेत एक काळा-लाल गोळा बसला होता, जळून दगड झालेला. फिटरनं तो टोचणीनं काढून पांढऱ्या फडक्यावर ठेवला. त्यात तांदळाचा अर्धा दाणा होता. 

"साहेब, हे तर..." एवढं म्हणून तो थांबला. मग म्हणाला, "मी तार घालून बघायला पाहिजे होती."

"तुला कुणी सांगितलं नव्हतं," मी म्हणालो.

"दादांना सांगू नका, साहेब."

तो वयानं माझ्यापेक्षा लहान, आणि मी मनात जे घोकत होतो तेच तो बोलला.

साहेबांनी भोकात बाहेरचा कचरा अडकला होता असं कळवून फेरचाचणी मागितली. मिळाली नाही. काही दिवसांनी कळलं की आखूड नळी घेतली. नमुना नीट चालला असता तरी कदाचित त्यांनी आखूडच घेतली असती. त्या अधिकाऱ्यांचं बोलणं आठवलं की मला तसं वाटतं. त्या दिवशी भोक मोकळं असतं तर काय झालं असतं, हे मला आता कधीच कळणार नाही.

मी दादाला व्हॉट्सॲपवर लिहिलं, 'आखूड घेतली.' त्यानं वाचल्याची खूण दिसली. अंगठा आला नाही.

मग त्याचं पत्र आलं. या वेळी कागदाच्या एकाच बाजूला लिहिलेलं. 'तू शेवटपर्यंत बोललास का? की नोकरीची काळजी वाटून गप्प बसलास? मोठ्या लोकांसमोर आपली माणसं गप्प बसतात हे मी आयुष्यभर बघितलं. तुला शिकवलं ते तू बसू नयेस म्हणून. खरं काय ते लिही.'

मी उत्तर लिहायला बसायचो आणि उठायचो. मी बोललो होतो, अगदी शेवटपर्यंत बोललो होतो. पण तेवढं लिहिलं असतं तर त्यानं पुढचा प्रश्न विचारला असता, मग नमुना अडला का. त्यानं जन्मभर हत्यारं उघडून दुरुस्त केली होती. तेल, कुंकू, भोक, गॅस, हे सगळं त्याला जोडायला वेळ लागला नसता.

असेच दिवस जात राहिले. वहिनींचा फोन आला. "भावजी, काय बिनसलंय तुमच्यात? तुमचं नाव काढलं की उठून जात्यात. काल ट्रंक उघडून बसलं होतं. मी म्हटलं जेवा, तर म्हणालं, त्याला शिकवण्यापेक्षा टपरी उघडली असती तर बरं झालं असतं."

ते वाक्य मला लागलं. अजूनही लागतं. मला त्याच्या मनात पुन्हा जागा हवी होती, आणि ती एका ओळीत मिळण्यासारखी होती. दादा, मी गप्प बसलो नाही, भोकात तुझं कुंकू होतं. एवढंच लिहायचं होतं.

पण गावात दर दसऱ्याला निवृत्त सैनिक शाळेच्या पटांगणावर जमतात. शस्त्रपूजेचा टिळा लावायचा मान दादाचा. कान गेल्यावर तो लग्नाला जाईना, चावडीवर बसेना, मुलांचे निकालसुद्धा वहिनी हातवारे करून सांगायच्या. पण त्या एका सकाळी त्याला ऐकू येण्याची गरज नसायची. कोट घालून तो पुढं जायचा आणि सगळे त्याच्या अंगठ्याकडे बघत उभे राहायचे. मी ती ओळ लिहिली असती तर त्यानं पुन्हा कुठल्याही हत्याराला हात लावला नसता. आणि जगात कुठल्यातरी बंद खोलीत एखादा उस्ताद बहिरा होतोय तो आपल्या हातानं, असं मानून तो उरलेले दिवस जगला असता.

म्हणून मी पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही गावी गेलो तेव्हा दादानं माझ्या मुलीला मांडीवर घेतलं, मला जेवायला वाढ म्हणून वहिनींना खुणावलं, जाताना डाळिंबं दिली. पण कामाबद्दल त्यानं मला पुन्हा कधी विचारलं नाही. पुढच्या दसऱ्याला वहिनींनी फोटो पाठवला. पटांगण, मांडलेली हत्यारं, आणि वाकून टिळा लावणारा दादा. मी त्या फोटोला अंगठा पाठवला. त्यानंतरचा दसरा त्याला दिसला नाही.

त्याच्या दिवसकार्यानंतर वहिनींनी ट्रंक उघडली. माझा गाऊनमधला फोटो झाकणाला होता तसाच होता, आणि त्याखाली माझं पत्र होतं. त्यांनी ते मला परत दिलं. तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ट्रंकेचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "लिवलंत तेच बरं केलंत. पण आता खरं काय ते लिवा कुठंतरी. तुमीबी किती दिवस उरावर घिऊन बसणार?"

ते पत्र असं होतं.

दादा,

तुला नमस्कार. उत्तराला उशीर झाला, कारण खरं लिहायला मला धीर होत नव्हता.

तू ओळखलंस ते बरोबर आहे. मी शेवटपर्यंत बोललो नाही. चाचणीच्या दिवशी दोन्ही नमुने चांगले चालले. अधिकाऱ्यांनी गाडीचं आणि दाराचं कारण सांगितलं, साहेबांनीही मान हलवली, आणि मी गप्प बसलो. तिथं सगळे मोठे लोक होते. तू मला शिकवलंस, पण माझ्यातली टपरीवरची भीती अजून गेलेली नाही. यात दुसऱ्या कुणाचाही दोष नाही. तुझा राग योग्य आहे आणि तो मी सोसेन.

एक गोष्ट मात्र करून घेतली आहे. त्या रायफलीबरोबर जी माहितीपुस्तिका जाते तिच्या पहिल्याच पानावर आता लिहिलेलं आहे की शिकवणाऱ्यानंही कान झाकल्याशिवाय खोलीत जायचं नाही. 'शिकवणाऱ्यानंही' हा शब्द मी घालून घेतला. चार बोटांच्या मानानं हे काहीच नाही, पण तो शब्द तुझा आहे.

इथं शेडमध्ये सगळे तुझी आठवण काढतात. चहावाला अजून मला साखर कमीची खूण करून तुझ्याबद्दल विचारतो. पूजा इतकी नीट कधी झाली नव्हती असं साहेब म्हणाले.

वहिनींवर रागावू नकोस. माझ्यावरचा राग माझ्यापाशीच ठेव आणि जेवत जा. मशीन कानाला टोचत असेल तर काढून ठेव, पण रस्त्यावर जाताना बरोबर कुणाला तरी घे.

दसरा येईल तेव्हा पटांगणावर टिळा तूच लाव. दुसऱ्या कुणाला देऊ नकोस. तुझा हात चांगला आहे.

तुझा,
बारक्या